मांजराच्या खर्चाची वही

सुगी संपून भाताची पोती घरात आली, की रविवारी मिस्सेनंतर कोणीतरी मला बाजूला घेऊन हमखास विचारतो, "फादर, तुमच्याकडे मांजराचं एखादं पिलू आहे काय?" या वर्षी असे विचारणारे एक शेतकरी दादा आले. मी त्यांना उलट विचारले, "दादा, मांजराला वर्षाचा खर्च किती धरला आहे?"

ते मोठ्याने हसले. "मांजराला कसला खर्च हो फादर? आमचं उरलंसुरलं खातंय, उंदीर धरतंय नि चुलीपाशी पडतंय."

मी आत जाऊन एक शंभर पानी वही आणली आणि त्यांच्या हातात दिली. दादांनी उभ्या उभ्या चार पाने वाचली, मान हलवली आणि पिलाचे नाव न काढता घरी गेले. पुढच्या रविवारी मात्र ते परत आले, तेही दोन शेजाऱ्यांना बरोबर घेऊन. ते का, हे शेवटी सांगतो. आधी ती वही माझ्याकडे कशी आली ते सांगायला हवे.

बेळगावच्या पश्चिमेकडील आमच्या भागात भात हेच मुख्य पीक. या गावी आलो त्या वर्षी धर्मगुरूंच्या निवासात भाताची आठ-दहा पोती पडवीत रचली होती. महिनाभरात पोत्यांच्या खालच्या कोपऱ्यांना भोके पडली आणि जमिनीवर कोंड्याचा सडा पडू लागला. आमच्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्या आक्कांनी त्यावर उपाय काढला. बहिणीच्या घरून साखरेच्या रिकाम्या पिशवीतून त्यांनी एक करड्या पट्ट्यांची मांजरी आणली. तिचे नाव मनी. मांजरीचे दुसरे नाव आमच्या भागात फारसे कोणी ठेवत नाही.

मनी आली आणि पडवीतील रात्रीची खुडबूड थांबली. मी निश्चिंत झालो. सकाळी दूध-भात, दुपारी आमटी-भात, एवढाच तिचा संसार. जमाखर्चाच्या वहीत तिचे नाव कुठेच नव्हते, आणि ते असावे असे माझ्या मनातही आले नाही. शाळेचा, छपराचा, वीजबिलाचा हिशेब पै-पैशाने ठेवणारा मी, जिवंत प्राण्याचा हिशेब मात्र ठेवला नाही.

पहिल्याच वर्षी मनी दोनदा व्याली. आधी चार पिल्ले, मग तीन. मांजरीचे गाभणपण जेमतेम नऊ आठवड्यांचे असते. पाच-सहा महिन्यांची झाली की ती माजावर येऊ शकते, आणि अंगावर पिणारी पिल्ले असतानाही पुन्हा गाभण राहू शकते, हे सारे मला नंतर कळले. पहिल्या चारांपैकी दोन जुलाबांनी गेली, एक कोणीतरी नेले आणि एक बोका राहिला. मागच्या तीनांना घरे शोधता शोधता माझी दमछाक झाली. पिल्लांना पोत्यात घालून नदीपलीकडे सोडून येण्याची रीत आपल्याकडे आहे. ती क्रूर आहे, आणि १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने पाळीव प्राण्याला असे टाकून देणे हा गुन्हाही आहे. मी ती केली नाही, हे खरे. पण करावीशी वाटण्याइतका कंटाळलो होतो, हेही खरे.

मग एके दिवशी त्या राहिलेल्या बोक्याने आक्कांच्या नातवाचे बोट धरले. पोर सात वर्षांचे, बोका पाच महिन्यांचा. पोराने शेपटी ओढली, बोक्याने चावा घेतला, रक्त आले. बोका कुंपणावरून पळाला तो परत कधी दिसला नाही. आक्कांच्या सुनेने जखमेवर हळद दाबली आणि ती कामाला लागली. संध्याकाळी मला कळले तेव्हा मी तिला म्हटले, "बाई, उद्या सकाळीच दवाखाना." तिचे म्हणणे, कुत्रा पिसाळतो, मांजर कुठे पिसाळते? शिवाय भाताची मळणी चालू होती. एक दिवसाचा रोजगार बुडणार होता.

वाचक बंधुभगिनींनो, मांजरही पिसाळते. रेबीजचे विष लाळेतून उतरते. पिसाळलेल्या कुत्र्याने मांजराला चावले, तर मांजर तोच रोग माणसापर्यंत आणते. आणि एकदा रोगाची लक्षणे दिसू लागली, की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. म्हणून चावा असो की रक्त काढणारा ओरखडा असो, पहिले काम म्हणजे नळाच्या धारेखाली साबण लावून पुरती पंधरा मिनिटे जखम धुणे. हळद, चुना, मिरची, तंबाखू, काहीही लावायचे नाही. दुसरे काम म्हणजे त्याच दिवशी दवाखाना गाठणे. जनावर समोर असेल तर त्याला दहा दिवस नजरेखाली ठेवतात. ते धडधाकट राहिले तर डॉक्टर उपचार पुढे चालवायचे की थांबवायचे ते ठरवतात. पण पहिली सुई त्या दहा दिवसांसाठी थांबत नाही. आमचा बोका तर पळूनच गेला होता.

लस सरकारी दवाखान्यात फुकट मिळाली. पण जखमेत रक्त आले असले तर लसीबरोबर जखमेत टोचायचे आणखी एक औषध लागते, त्याला इम्युनोग्लोब्युलिन म्हणतात. ते आम्ही प्रथम गेलो त्या दवाखान्यात त्या दिवशी शिल्लक नव्हते. भाड्याची गाडी करून शहर गाठावे लागले. त्यानंतर तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा दिवस, अशा आणखी तीन खेपा झाल्या. काही ठिकाणी हीच लस दंडात देतात, तेव्हा पाच खेपा होतात. खर्च अर्थात आम्ही केला. मांजर आमचे होते. त्या रात्री मी नवी वही उघडली आणि पहिल्या पानावर लिहिले: गाडीभाडे १,८०० रुपये. पोराच्या आईचे बुडालेले चार दिवस, ३५० रुपयांप्रमाणे १,४००. पोराचे अर्धे तिकीट, तीन खेपा, १२०. आईचे तिकीट शक्ती योजनेमुळे लागले नाही. चहा-नाश्ता २८०. एकूण ३,६००. फुकट आलेल्या मांजराचा हा पहिला लिहून ठेवलेला खर्च.

बोक्याला वेळेवर लस टोचली असती तर? डॉक्टरांनी पोराला सुई दिलीच असती, त्यात चूक नाही. पण त्या अठ्ठावीस दिवसांत आक्का रात्री उठून पोराला पाणी पाजून बघत होत्या, ते गिळते की नाही म्हणून. ती भीती कोणत्याही रकान्यात लिहिता येत नाही.

त्यानंतर मनीचा हिशेब आम्ही बारकाईने ठेवू लागलो. पुढे देतो ते आमच्या वहीतील आकडे आहेत. तुमच्या गावी, तुमच्या डॉक्टरांकडे ते थोडे इकडेतिकडे होतील. आकड्यांपेक्षा रकाने महत्त्वाचे.

सर्वात मोठा रकाना खाण्याचा, आणि नेमका तोच आपण धरत नाही. आपली समजूत अशी, की मांजर म्हणजे दूध-भात. पण मांजर हा पक्का मांसाहारी जीव आहे. टॉरीन नावाचे एक द्रव्य त्याच्या शरीराला पुरेसे तयार करता येत नाही; ते मांस-मासळीतूनच मिळावे लागते. ते न मिळाल्यास मांजराचे डोळे निकामी होतात, हे १९७५ साली, आणि हृदय दुबळे होते, हे १९८७ साली संशोधनाने दाखवून दिले. भातात ते नाही. दुधाचे म्हणाल तर मोठ्या झालेल्या बऱ्याच मांजरांना दूध पचत नाही. पातळ शेण टाकतात. आमची मनी दुधावर रोगट का दिसते याचे उत्तर मला पशुवैद्यांनी एका वाक्यात दिले: "फादर, तुम्ही तिला वासरू समजता."

तेव्हापासून मनीचा आहार बदलला. तीन किलोच्या गावठी मांजरीला दिवसाला साधारण दोनशे कॅलरी पुरतात. आम्ही कोंबडीचे काळीज आणि पोटा मिळून ७०-७५ ग्रॅम, पाण्यात उकडून, मूठभर भातात कालवून देतो. बाजाराच्या दिवशी माशांची डोकी आणतो आणि तीही उकडून देतो. आठवड्यातून दोनदा उकडलेले अंडे. सुकट किंवा खारा बांगडा द्यायचा तर आधी भिजवून त्याचे मीठ काढायचे. कांदा-लसणाची आमटी बंद, कारण कांदा-लसूण मांजराच्या रक्ताला बाधतो. कोंबडीची शिजवलेली हाडे बंद, ती फुटून घशात अडकतात. हा सारा खर्च महिन्याला चारशे रुपयांच्या आसपास येतो. म्हणजे वर्षाला ४,८००. दुकानातील कोरडे तयार खाणे घातले तर महिन्याला दीड किलो लागते, आणि खर्च साधारण तेवढाच किंवा थोडा जास्त येतो. प्रायश्चित्तकाळात आपण मांस सोडतो ते ठीक. मनीला चाळीस दिवसांचा उपवास लागू नाही, हे आक्कांना पटवायला मला एक वर्ष लागले.

येथे कोणी म्हणेल, एवढे खायला घातले तर ती उंदीर कशाला धरेल? उपाशी मांजर चांगले उंदीर मारते, ही समजूत आपल्याकडे घट्ट आहे. इंग्लंडात चार्ल्स एल्टन या प्राणिशास्त्रज्ञांनी शेतवाड्यांवरील मांजरांचा अभ्यास करून १९५३ साली तो प्रसिद्ध केला. त्यांना असे दिसले, की उंदीर आधी साफ केलेल्या वाड्यावर मांजरांना घरचे खाणे मिळत राहिले, तर ती तेथेच घुटमळतात आणि नवे उंदीर शिरू देत नाहीत. उंदरांनी आधीच भरलेली जागा मात्र मांजरे स्वतः साफ करू शकली नाहीत. उपाशी मांजर शिकारीला दूर रानात जाते किंवा शेजाऱ्याच्या कोंबडीच्या पिल्लांवर डोळा ठेवते. शिकार करणे हा त्याचा स्वभाव आहे, पोटाशी त्याचा संबंध थोडाच. आणि घुशीच्या वाटेला तर धष्टपुष्ट बोकाही सहसा जात नाही. म्हणून पोती भिंतीपासून हातभर दूर, फळ्यांवर उंच ठेवणे, दाराखालच्या फटीला पत्रा मारणे, ही कामे मांजर आणले तरी चुकत नाहीत. मांजर म्हणजे राखणदार. पडके कुंपण राखणदाराला बांधता येत नाही.

दुसरा रकाना सुयांचा. रेबीजची लस पिलू तीन महिन्यांचे झाले की पहिली, महिन्याभराने दुसरी आणि पुढे दरवर्षी एक. आम्हाला दर सुईला २५० रुपये पडले. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करावी. २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन आहे, आणि त्या सुमारास बऱ्याच ठिकाणी ही लस फुकट टोचतात. शेजारच्या गोव्यात कुत्र्यांना वर्षानुवर्षे सरसकट लस देण्याची मोहीम चालली, आणि २०२१ साली ते राज्य रेबीज-नियंत्रित म्हणून घोषित झाले. म्हणजे ही अशक्य गोष्ट नाही. दुसरी लस मांजरांच्या संसर्गजन्य जुलाबांवर आणि सर्दीवर एकत्र असते. पिल्लू दोन महिन्यांचे असताना पहिली, तीन-चार आठवड्यांनी दुसरी, मग दरवर्षी. ती महाग, ८०० रुपयांची. आमची ती दोन पिल्ले जुलाबांनी गेली, ती कदाचित याच रोगाने गेली असतील. जंताचे औषध मोठ्या मांजराला दर तीन महिन्यांनी, वर्षाचे १२०. पावसाळ्यात पिसवांसाठी मानेवर घालायचे थेंब तीन वेळा, ६००.

पिसवांवरून एक सांगतो. गुरांच्या गोचिडांवर जे औषध आपण पाण्यात कालवून फवारतो, ते मांजराच्या अंगाला कधीही लावू नये. त्यातील काही द्रव्ये मांजराचे शरीर पचवू शकत नाही. झटके येऊन ते मरते. तसेच ताप आला म्हणून माणसाची पॅरासिटामॉलची गोळी देऊ नये. अर्धी गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. फुकटची औषधे शेवटी फार महाग पडतात.

तिसरा रकाना एकदाच भरायचा: नसबंदी. मनीच्या शस्त्रक्रियेला खासगी पशुवैद्यांनी ३,००० रुपये घेतले. आकडा ऐकून आक्कांनी कपाळाला हात लावला. "एवढ्या पैशात म्हशीचा महिन्याचा पेंड येतो, फादर." मी वहीचे पहिले पान त्यांच्यापुढे धरले. ३,६०० तिथे लिहिलेले होतेच. शिवाय सात पिल्लांचे खाणे, धावपळ, आणि मेलेल्या दोन पिल्लांसाठी नातवाने काढलेले रडे. पाच-सहा महिन्यांच्या वयात ही शस्त्रक्रिया करता येते. नंतर आठ-दहा दिवस मांजरीला घरात ठेवून टाके चाटू द्यायचे नाहीत, एवढेच. बोक्याची शस्त्रक्रिया सोपी आणि स्वस्त असते. मग तो भांडणे कमी करतो, रात्र-रात्र बाहेर राहत नाही, आणि दाराखांबांवर घाण वासाचे फवारे मारणेही बरेच थांबते. माझे स्पष्ट मत असे, की ज्याला मांजरीच्या नसबंदीचे पैसे उभे करता येत नाहीत, त्याने मांजरी आणू नये, बोका आणावा. पैसे उभे राहण्यासाठी सहा महिने मिळतात. महिना पाचशे बाजूला काढले तर रक्कम तयार होते.

चौथा रकाना अडीअडचणीचा. महिना शंभर रुपये आम्ही एका बरणीत टाकतो. मागच्या वर्षी ती बरणी एका रात्रीत रिकामी झाली. शेजारच्या एका मळ्यात उंदरांसाठी विषारी वड्या ठेवल्या होत्या. कोणी कोणाला सांगितले नव्हते. मनीने त्यातला एक सुस्तावलेला उंदीर खाल्ला. दोन दिवसांनी तिच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागले. नशीब असे, की ते ब्रोमॅडिओलोन होते. त्याने रक्त गोठत नाही, आणि त्यावर के जीवनसत्त्वाचा उतारा असतो. आधी सुया आणि मग कित्येक आठवडे गोळ्या देऊन मनी वाचली. तेच झिंक फॉस्फाईड असते, तर त्यावर उतारा नाही. म्हणून वाड्यात कोणीही विष ठेवणार असेल, तर त्याने आदल्या दिवशी शेजाऱ्यांना सांगावे, मांजरे-कुत्री घरात बांधावीत, आणि सकाळी मेलेले उंदीर हाताला पिशवी गुंडाळून गोळा करून खोल पुरावेत. याला एक पैसाही लागत नाही. जनावर आजारी पडल्यास १९६२ हा पशुवैद्यकीय मदतीचा क्रमांकही लक्षात ठेवावा.

घरात गरोदर सून किंवा लेक असेल तर आणखी एक काळजी. मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा नावाचा एक सूक्ष्म जंतू पसरू शकतो, आणि तो पोटातील बाळाला बाधू शकतो. मांजर हाकलून देण्याची गरज नाही. त्याची राखेची किंवा वाळूची पेटी दुसऱ्या कोणीतरी रोजच्या रोज साफ करावी, कारण ती घाण एक-दोन दिवस पडून राहिल्यावरच बाधक होते. परसातील भाजी धुऊन घ्यावी, मातीत काम केल्यावर साबणाने हात धुवावेत. पोरांच्या अंगावर गजकर्णाचे गोल चट्टे उठले तर मांजराच्या कानामागे केस गेलेत का तेही पाहावे. दोघांना एकाच वेळी औषध द्यावे लागते.

आता बेरीज. खाणे ४,८००, रेबीज २५०, दुसरी लस ८००, जंत १२०, पिसवा ६००, बरणीत १,२००. म्हणजे वर्षाला ७,७७०, महिन्याला साधारण साडेसहाशे. पहिल्या वर्षी त्यावर नसबंदी आणि दोन्ही लसींची जादा सुई मिळून ४,०५० अधिक.

आणि जमेच्या बाजूला काय? मी प्रामाणिकपणे मांडून पाहिले. एक मोठा घरउंदीर दिवसाला सुमारे २५ ग्रॅम धान्य खातो. वर्षाला नऊ किलो. पाच उंदरांचे ४५ किलो. २०२५-२६ च्या हंगामासाठी साध्या भाताचा आधारभूत भाव क्विंटलला २,३६९ रुपये जाहीर झाला; त्या भावाने हे हजार-अकराशे रुपये झाले. उंदीर वाढत जाऊन वीस झाले तर १८० किलो, म्हणजे सव्वाचार हजार. कुरतडलेली पोती, ठिबकची नळी, विजेची तार, लेंड्यांनी नासलेले धान्य वेगळे. उंदरांच्या लघवीतून होणारा लेप्टोस्पायरोसिस, ज्याला लोक उंदीरताप म्हणतात, तो चिखलात अनवाणी रोप लावणाऱ्याला किती महाग पडतो हेही आपल्याला ठाऊक आहे. पण मांजर ठेवल्याने तो टळतो असे मी म्हणणार नाही. त्यासाठी पायाच्या जखमा झाकणे आणि ताप अंगावर न काढणे हेच खरे.

म्हणजे हिशेब असा निघाला, की दहा-वीस पोत्यांच्या घराला केवळ धान्यासाठी नीट सांभाळलेले मांजर परवडत नाही. हे लिहिताना मला वाईट वाटते, पण वही खोटे बोलत नाही. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या पायाशी रात्री कोणीतरी उबेला येऊन बसते, त्याचे मोल मी धरलेले नाही. ज्याने-त्याने आपले धरावे.

हाच आकडा वाचून ते दादा त्या रविवारी गप्प घरी गेले होते. घरी गेल्यावर त्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली, जी इतकी वर्षे माझ्या ध्यानात आली नव्हती. आधीचे मांजर त्यांचे एकट्याचे कधी नव्हतेच. ते सकाळी त्यांच्याकडे, दुपारी शेजारच्या काकूंकडे आणि रात्री पलीकडच्या घरी जेवायचे. तिन्ही घरांचे उंदीर धरायचे. मात्र सुई टोचायची वेळ आली, की ते तिघांपैकी कोणाचेच नसायचे. आपल्या वाड्या-वस्त्यांवरची बहुतेक मांजरे अशीच असतात: तीन घरच्या ताटात आणि कोणाच्याच वहीत नाहीत.

म्हणून ते दोघा शेजाऱ्यांना घेऊन आले होते. आम्ही पायरीवर बसून भागाकार केला. वर्षाचे ७,७७० भागिले तीन, म्हणजे घरटी २,५९०. महिन्याला २१६ रुपये. त्यातला निम्म्याहून जास्त भाग खाण्याचा, आणि तो आपापल्या घरून वारीवारीने जाईल. सुरुवातीचे ४,०५० मात्र रोख लागणार, घरटी १,३५०. एक शेजारी म्हणाले, "आमच्या घरी कोंबड्या आहेत, मांजर आमच्याकडे राहणार नाही, मग आम्ही का द्यायचे?" दादांनी विचारले, "उंदीर तुमच्याकडे राहतात ना?" त्यावर तेही हसले आणि कबूल झाले. घडी बसेपर्यंत वही कोणाकडे ठेवायची यावर थोडी ओढाताण झाली. शेवटी ती काकूंच्या घरी दहावीत शिकणाऱ्या मुलीकडे गेली. हिशेब तिचाच सर्वात स्वच्छ.

पिलू आमच्याकडे नव्हतेच. मनी आता वीत नाही. पलीकडच्या वाडीवर एका घरी चार पिल्ले होती, त्यातली एक मांजरी त्यांनी दोन महिन्यांची झाल्यावर आणली. जुलाबांवरची पहिली सुई झाली आहे; तेथे पशुवैद्यांनी वहीतच तारीख घालून दिली. रेबीजची पहिली सुई येत्या महिन्यात. पिलू दवाखान्यात न्यायला कोंबड्यांची झाकणाची दुरडी कोणाची घ्यायची, एवढाच वाद अजून मिटायचा आहे.